न धुतलेलं पान

२ जुलै

आत्या,

फेब्रुवारीत तुला तुझ्या दुकानातल्या घेटुळीच्या पाल्याच्या चूर्णाचा जो अहवाल पाठवला, त्यात एक चूक आहे. चूक माझी आहे, यंत्राची नाही. म्हणून आधी ती दुरुस्त करते आणि मग तुझी खुशाली विचारते.

मी लिहिलं होतं, शंभर ग्रॅम चूर्णात लोह १४२ मिलिग्रॅम. मोजणी बरोबर होती. पण ते लोह घेटुळीचं नव्हतं, मातीचं होतं.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, तेव्हा सगळं लिहूनच काढते. गेल्या आठवड्यात मी प्रयोगशाळेत नव्या मुलींना राख काढायला शिकवत होते. पान जाळून राख करायची, राखेत आम्ल घालायचं. झाडाची स्वतःची राख विरघळते, तळाशी उरते ती वाळू. नमुना म्हणून मी कौतुकाने आपलंच चूर्ण घेतलं. आमच्या भट्टीवाल्या बाई तीस वर्षं त्याच भट्टीपुढे बसल्या आहेत आणि कुणाचीही भीड ठेवत नाहीत. त्या मुशीत डोकावल्या.

"हे काय गं? पाल्याची राख की रस्त्याची?"

"आमच्या घरची घेटुळी आहे, बाई."

"धुतली होतीस?"

"नाही. धुतली की गुण जातो."

"हे तुला कॉलेजात शिकवलं?"

नव्या मुली हसल्या. मला हसू आलं नाही. कॉलेजात नाही, हे तू शिकवलंस. शाळेत जायच्या आधी, मागच्या शेडमध्ये, डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचायला शिकवल्यास तेव्हाच. पानाला पाणी लावलं की तू माझ्या हातावर चापट मारायचीस. झटकायचं आणि पसरायचं, बस. इथे येणाऱ्या प्रत्येक पाल्याचा नमुना मी तीनदा धुऊन घेते. फक्त घरचा आला आणि माझा हात पाण्यापासून आपोआप मागे सरला, अख्खी पानं सोडून थेट चूर्णच मोजलं. मी विचारसुद्धा केला नाही.

तू चूर्णाबरोबर अख्ख्या वाळल्या पानांची पिशवी दिली होतीस, ती कपाटात होती. त्यातली मूठभर पानं आता धुतली. पहिलं पाणी गटारासारखं काळं, दुसरं गढूळ, तिसऱ्याला कुठे भांड्याचा तळ दिसला. घेटुळी जमिनीला चिकटून पसरते आणि अंगावर पडेल ते धरून ठेवते. धुतलेल्या पानांत लोह निघालं २३. म्हणजे सहापट कमी. चूर्णाची जी राख झाली तिच्यात जवळजवळ निम्मी वाळू होती, कांडी फिरवली की कचकच वाजणारी. प्रथिनं आणि कॅल्शियम माती गेल्यावर थोडं वाढलंच. पोटॅशियम थोडं धुण्याच्या पाण्यात गेलं, तेव्हा 'गुण जातो' हे अगदीच खोटं नाही, तेवढं तुझ्या बाजूने नोंदवते.

लेबलवरचा आकडा काढ. दुकानात माझ्या सहीचा अहवाल फ्रेम करून लावला आहेस, तोही उतरव.

हे लिहू की नको असं चाललं होतं, पण लिहिते. त्या पहिल्या पाण्याकडे बघून मला किळस आली. लहानपणी चूर्णाचा चमचा चाटायला मी हट्ट करायचे.

तुझी तब्येत कशी आहे?

तुझी भाची

७ जुलै

तपासनीसबाईंना आत्याचा आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा चष्म्याशिवाय वाचलं, तेव्हा बरं वाटलं होतं.

माती म्हणजे काय विष आहे? लहानपणी तू पेन्सिली कमी झिजवल्यास आणि खाल्ल्यास जास्त. जगलीस ना? आणि मला एक सांग, लोह ते लोह. पानातून आलं काय आणि मातीतून आलं काय, पोट काय ओळखपत्र मागतं?

फ्रेम उतरणार नाही. गिऱ्हाईक आत आलं की आधी तिच्याकडे बघतं, मग माझ्याकडे. बायका म्हणतात, भाची असावी तर अशी. मी म्हणते, असावी, पण जरा लांब असावी. लेबलं छापून आली आहेत. संपली की बघू.

तुझ्या वहिनीला सातवा लागला. रक्त दहाच्या खाली, पाय असे सुजलेत की चपला होत नाहीत. तुझा दादा फिरतीवर, महिन्यातून दोनदा तोंड दाखवतो. करायचं कुणी? मीच. तीन महिने झाले, सकाळ, दुपार, संध्याकाळ एक-एक चमचा घेटुळी चालू आहे. सुजेवर घेटुळीसारखं दुसरं काही नाही, हे तुझ्या यंत्राच्या आजीलाही माहीत असेल. आकड्यांचं तू बघ, माणसांचं मी बघते.

त्या भट्टीवाल्या बाईंना म्हणावं, इतकं नाक घालू नका मुशीत, मिशा जळतील.

जेवत जा. पत्रातलं तुझं अक्षर बारीक झालंय.

आत्या

१२ जुलै

आत्या,

पोट ओळखपत्र मागतं. मातीतलं लोह बरंचसं गंजासारखं असतं. ते जसं आत जातं तसंच बाहेर येतं, रक्तात फार थोडं उतरतं. वहिनीचं रक्त वाढवायचं तर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या द्यायच्या. आणि सातव्या महिन्यात पाय सुजले तर रक्तदाब मोजायचा, चमचा नाही.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी उरलेलं सगळं चूर्ण बारीक चाळणीतून काढलं. तू चिडशील, पण चाळणीवर काय राहिलं ते तुला कळायला हवं. केसांची गुंतवळ होती, करडी. झुरळाचा एक पाय होता, काट्यांसकट. एक काळा लांबट दाणा होता. मला वाटलं घेटुळीचं बी, म्हणून बोटांत धरून दाबलं. ती उंदराची लेंडी होती. मी तीनदा साबणाने हात धुतले आणि तरी दुपारी डबा उघडवला नाही.

आणि एक नखाचं टोक होतं. माणसाचं. कुणाचं गं?

इथे कुणा परक्याच्या मालात हे सापडलं असतं तर मी शांतपणे नोंद करून पुढे गेले असते. हा आपल्या शेडचा माल आहे. त्या शेडच्या जमिनीवर मी झोपले आहे. मला सारखी जिभेवर ती चव येते आणि ती चव नक्की कशाची होती हे आता ठरवता येत नाही.

दोन गोष्टी हात जोडून मागते. वहिनीचं चूर्ण आज बंद कर. आणि पाला हल्ली कुठून आणतेस ते कळव. दादा म्हणत होता की माळावर आता इमारती झाल्या. भट्टीवाल्या बाई म्हणाल्या, "एवढी माती आहे तर ती कुठली माती ते बघ. मातीच्याही पोटात काय काय असतं." तेव्हा दोन-तीन झाडं मुळासकट, मातीसकट उपटून पाठव. झटकू नकोस.

तुझी भाची

१८ जुलै

तपासनीसबाई,

नख माझंच. खलबत्त्यात मोडलं होतं, उजव्या हाताच्या करंगळीचं. सापडलं ते बरं झालं, मी शोधत होते. केसही माझेच. झुरळाशी माझं नातं नाही.

हसून लिहिते आहे, पण मनाला लागलं हो. चाळीस वर्षं या हातांनी पाला निवडला. त्याच हातांनी तुझी वेणी घातली, तेव्हा तुला किळस आली नव्हती.

वहिनीचं चूर्ण बंद केलं. झालं समाधान?

पाल्याचं विचारलंस. माळ गेला त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून आपल्या मागच्या रस्त्याला तो जुन्या बॅटऱ्या फोडून विकणारा आहे ना, त्याच्या कुंपणामागून आणते. दुसरं गवत तिथे धरतच नाही, त्यामुळे घेटुळीला मोकळं रान मिळालंय. वेल कशी पसरली आहे बघशील तर डोळे निवतील. माणूस भला आहे, मला बघितलं की फाटक उघडतो. पानांवर दुधावरच्या सायीसारखी करडी पूड बसलेली असते, तेवढी झटकली की पान तुकतुकीत. तुला झटकलेलं नको आहे, तेव्हा तशीच पाठवते. घे, काय शोधायचं ते शोध.

आत्या

२४ जुलै

वन्सं,

तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, हसू नका. माझा फोन दुरुस्तीला दिलाय आणि आत्यांच्या फोनवर बोललं की त्या शेजारीच बसलेल्या असतात.

आधी तुमचे आभार. इतक्या लांबून तुम्ही माझ्या चमच्यांची काळजी करता. तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हाच आत्यांनी सांगितलं की तुमच्या तपासणीत लोह सहापट कमी निघालं, म्हणजे एवढ्याने भागायचं नाही, चमचे वाढवायला हवेत. सहापट काही मला जमलं नसतं. मग त्याच म्हणाल्या, दुप्पट करू. आता दिवसाला सहा घेते. मध्ये तुमचं दुसरं पत्र आलं तेव्हा विचारलं, बंद करू का? तर म्हणाल्या, तिला काय, ती लांबून घाबरते, तुझे पाय मी रोज बघते.

खरं सांगू का? मला ते घेववत नाही. दातांत कचकचतं. तोंडाला दिवसभर खिळा चोखल्यासारखी चव असते. पोटात पीळ पडतो आणि चार-चार दिवस पोट साफ होत नाही. डोकं चढतं. पण मी कुरकुर केली की आत्या भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट दाखवतात. म्हणतात, एवढी शिकलेली मुलगी खोटी सही करेल का? तेव्हा मी तुमच्या सहीकडे बघते, नाक दाबते आणि गिळते.

एकच विचारायचं होतं. पाण्याबरोबर घेतलेलं चांगलं की दुधाबरोबर? दुधाबरोबर घेतलं की लगेच ओकारी येते.

बाळ हल्ली कमी हलतं. बाकी ठीक.

तुमची वहिनी

२६ जुलै

आत्या,

पार्सल मिळालं. हातमोजे घालून उघडलं.

पानावरची ती साय शिशाची आहे. जुन्या बॅटरीच्या पोटात शिशाच्या पाट्या असतात. त्या फोडल्या की धूळ उडते आणि कुंपणापलीकडे जे जमिनीलगत पसरलेलं असेल त्याच्यावर बसते. तिथे गवत का धरत नाही, हे तुला कधी विचारावंसं वाटलं नाही?

फेब्रुवारीतल्या चूर्णात शिसं किलोमागे २८ मिलिग्रॅम निघालं. दोनदा मोजलं, मग भट्टीवाल्या बाईंकडून मोजून घेतलं. अशा चूर्णात दहाच्या वर चालत नाही. तू आता पाठवलेल्या पानांत याहून कितीतरी जास्त आहे. मातीचा आकडा मी इथे लिहीत नाही, तो वाचून तू म्हणशील की मी काहीतरी शून्य जास्त दिलं. मीही आधी तेच म्हटलं.

फेब्रुवारीत मी शिसं बघितलंच नव्हतं. तू लोह, कॅल्शियम आणि प्रथिनं विचारलीस, मी तेवढंच मोजलं आणि खाली सही केली. लेबलवर चांगलं दिसेल तेवढंच आपण दोघींनी शोधलं.

शिसं अंगातून लवकर जात नाही. आईच्या रक्तातून बाळात उतरतं. तू वहिनीचं चूर्ण बंद केलंस, एवढा एकच आधार वाटतो. पण आधीचे तीन महिने आहेतच. तिला दवाखान्यात ने, रक्तातलं शिसं तपासायला सांग आणि हे पत्र तिला वाचून दाखव. मी काल दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तू म्हणालीस, ती झोपली आहे. सकाळी दहाला आणि दुपारी पाचला.

तुझी भाची

३० जुलै

हे काय चालवलंयस?

शेजारच्या शिवणवाल्या ताईंच्या फोनवर वहिनीला बोलावून घेतलंस, आपल्या घरात फोन नव्हता? ती परत आली ती सरळ न्हाणीघरात गेली आणि घशात बोटं घालून ओकत बसली. मी पाठ चोळायला गेले तर माझा हात झटकला. कालपासून माझ्या हातचं पाणीसुद्धा घेत नाही. दादाला कळवलंस, तो कामं टाकून येतोय. फोनवर माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

मी काय मुद्दाम केलं? तूच लिहिलंस, लोह कमी. कमी असेल तर जास्त द्यायचं, हे कुणीही सांगेल. बंद केलं असं तुला लिहिलं, ते खोटं लिहिलं. कबूल. तुझी कटकट थांबावी म्हणून लिहिलं. तिचे पाय बघून मला झोप येत नव्हती, ते तुझ्या यंत्रात दिसायचं नाही. सातव्या महिन्यातली बाई माझ्या घरात रडते आहे आणि मला शत्रू समजते आहे.

आता ऐक. जेवढे डबे आहेत तेवढे मागच्या नाल्यात ओतून देते. फ्रेम चुलीत घालते. त्या कुंपणाकडे परत फिरकणार नाही. पण तू गप्प राहा. त्या कागदावर माझ्या एकटीचं नाव नाही, तुझीही सही आहे. तुझी नोकरी जाईल आणि माझं दुकान जाईल, आणि मिळणार कुणाला काय? ज्यांनी डबे नेले त्यांचे महिना-दीड महिन्यात संपतील. गर्भार अशा सात-आठच असतील. त्यांना काय कळणार आहे?

आत्या

१ ऑगस्ट

आत्या,

हे पत्र दादाच्या हाती देते. तो फिरतीवरून आधी इथे आला, दुपारच्या गाडीने तुझ्याकडे पोचेल.

डबे नाल्यात ओतू नकोस. ते पाणी पुढे कुणीतरी वापरतं. पोती आणि डबे शेडमध्ये ठेव, कुलूप लाव, किल्ली दादाकडे दे. शेड झाडू नकोस, धूळ उडेल.

वहिनीचं पत्र मला सोमवारी मिळालं. माझ्या हातून आधी चुकीचा आकडा गेला, मग दुरुस्त केलेला. आणि दुरुस्त केलेल्यानेच तिचे चमचे दुप्पट झाले. माझ्या सहीकडे बघून तिने नाक दाबून गिळलं. दुधाबरोबर घेऊ का, असं मलाच विचारलं. हे मी चार दिवस गिळायचा प्रयत्न करते आहे, गिळवत नाही.

आधी मला मातीची किळस आली, मग लेंडीची, मग तुझ्या नखाची. मी ते सगळं तुला रागारागाने लिहिलं. ते धुऊन जाणारं होतं. "त्यांना काय कळणार आहे", हे वाक्य धुऊन जात नाही. तू भीतीने लिहिलंस, मला माहीत आहे. तरी ज्या हातांनी मला पहिली अक्षरं गिरवायला लावली त्या हातांनी ते लिहिलं.

माझंही सांगते, नाहीतर हे पत्र लबाड होईल. "तुझीही सही आहे" हे वाचल्यावर मी पाऊण तास खुर्चीत बसून होते आणि गप्प राहता येईल का याचाच विचार करत होते. अगदी नीट विचार केला. कुणाला काय सांगायचं, अहवालाची इथली प्रत कुठे आहे, सगळं. मग उठून प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, "सही मागे घेतलीस तर मी तुला इथे ठेवू शकेन की नाही, सांगता येत नाही." मी बरं म्हटलं. भट्टीवाल्या बाई दारात उभ्या होत्या, त्या फक्त म्हणाल्या, "पाणी पी आधी."

पुढचं असं ठरलं आहे. उद्या शनिवार, परवा रविवार, तपासण्या आणि कचेऱ्या बंद आहेत. दादा वहिनीला घेऊन रविवारी इथे येईल; त्याआधी बाळ हललं नाही तर तिला तिथल्याच दवाखान्यात नेईल. सोमवारी मोठ्या रुग्णालयात तिचं रक्त तपासायचं, बाळाचे ठोके बघायचे. डॉक्टरांशी माझं बोलणं झालं आहे. ती थांबली तर माझ्या खोलीवर थांबेल. मी तिच्यासाठी खाट मागून आणली आहे. तिला तुझा राग आहे आणि माझाही आहे. फोनवर ती मला वन्सं म्हणाली नाही.

तू मला ती नावं दे. कुणी कुणी डबे नेले, त्यातल्या गर्भार कोण, कुणाच्या घरी लहान मुलं आहेत. तुला सगळी पाठ आहेत, तू गिऱ्हाईक विसरत नाहीस. दादा समोर बसेल आणि लिहून घेईल. तू सांगितलीस तर माझ्या जबाबात मी लिहीन की आत्याने स्वतः होऊन सांगितली. सांगितली नाहीस तर सांगितली नाही असं लिहीन. तुझी बाजूही लिहीन. पाय बघून तुला झोप येत नव्हती, तेही लिहीन. पण कुंपण कुणाचं, पाला कुठला, सही कुणाची, यातलं काही गाळणार नाही.

औषध तपासणीची कचेरी मंगळवारी, पाच ऑगस्टला, साडेदहाला उघडते. मी दहा वाजताच दारात उभी असेन.

तुझी भाची